मोठा व्यास मापात, छोटा ओव्हरसाइज: छोट्या सीएनसी लेथवर टूलची भूमिती कशी तपासावी

टच-ऑफ (टूल जॉबला लावून त्याची जागा कंट्रोलला सांगणं) नीट घेतलेला आहे, पहिला मोठा व्यास मायक्रोमीटरवर बरोबर येतोय, पण त्याच जॉबच्या टोकाचा छोटा व्यास तीन-चार शतांश मिमी मोठा. ऑफसेटमधून (कंट्रोलमध्ये भरलेल्या टूलच्या जागेच्या आकड्यातून) तेवढं वजा केलं की छोटा जमतो, पण मोठा लहान होतो. इन्सर्टची (टूलवर बसवलेल्या कार्बाइडच्या तुकड्याची) धार फिरवली की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. छोट्या सीएनसी लेथवर हे दुखणं इतकं नेहमीचं आहे की लोक ते मशीनचा स्वभाव समजून सोडून देतात. ज्यांना सोडवत नाही, ते आधी बॅकलॅशला धरतात, मग स्टेपर मोटरला, मग सॉफ्टवेअरला. माझा अनुभव असा की यातली बहुतेक प्रकरणं टूलच्या टीपपाशीच मिटतात. कंट्रोलच्या सेटिंगला हात लावायची वेळ फार उशिरा येते, आणि कित्येकदा येतच नाही.

आधी बॅकलॅश बाजूला काढू. बॅकलॅशचा संबंध दिशेशी असतो, व्यासाशी नसतो. शेवटच्या पासला टूल प्रत्येक व्यासावर बाहेरून आतच येत असेल, तर स्क्रूतला ढिलेपणा सगळीकडे एकाच बाजूला पडतो आणि टच-ऑफमध्येच जिरून जातो. मोठा व्यास बरोबर आणि छोटा चूक, असं तो करत नाही.

एक्स अक्षाचे (टूलच्या आत-बाहेर चालीचे) स्टेप्स-पर-मिमी, म्हणजे एक मिमी सरकायला मोटरला लागणाऱ्या स्टेप्स, चुकले असतील तर चूक सरळ प्रमाणात वाढते: टच-ऑफच्या व्यासापासून दहा मिमी दूर गेल्यावर जितकी, वीस मिमी दूर गेल्यावर तिच्या दुप्पट. सेंटर हाइट, म्हणजे स्पिंडलच्या अक्षाच्या तुलनेत टीपची उंची, चुकली असेल तर मात्र चूक सरळ रेषेत वाढत नाही. मोठ्या व्यासांवर ती जवळपास दिसतच नाही आणि छोट्यांवर एकदम अंगावर येते. हा फरक ओळखता आला की निम्मं काम झालं.

आकड्यांत काय होतं

कंट्रोल धरून चालतो की टीप स्पिंडलच्या अक्षाच्या बरोबर उंचीवरून आत-बाहेर होते. ती ०.५ मिमी वर किंवा खाली असेल तर टीपचं आडवं अंतर आणि जॉबची खरी त्रिज्या या दोन वेगळ्या गोष्टी होतात. काटकोन त्रिकोण डोळ्यांसमोर आणा. आडवी बाजू म्हणजे एक्स, उभी बाजू म्हणजे उंचीतली चूक, आणि कर्ण म्हणजे जॉबची त्रिज्या. कर्ण आडव्या बाजूपेक्षा नेहमीच मोठा. एक्स जितका लहान, तितका हा फरक जास्त जाणवतो.

समजा तुम्ही ३० मिमी व्यासावर टच-ऑफ घेतला आणि टीप ०.५ मिमीने चुकलेली आहे. ३० ला सगळं बरोबर दिसणार, कारण मापच तिथे जुळवलंय. पुढे २० मिमीची पायरी घेतली तर ती २०.००८ येईल, म्हणजे व्हर्नियरने कळणारही नाही. १० ची पायरी १०.०३३ होईल. ६ ची ६.०६६ आणि ४ ची तर ४.१०७. आता हीच चूक स्टेप्स-पर-मिमीची असती तर काय झालं असतं ते पाहा. १० ला ०.०३३ आलं, तर २० ला साधारण ०.०१६ आणि ६ ला ०.०४० च्या आसपास यायला हवं होतं. म्हणजे एकाच पायरीवर मोजून निदान होत नाही, निदान तीन पायऱ्या लागतात.

टच-ऑफ छोट्या व्यासावर घेणाऱ्यांना हेच दुखणं उलट्या रूपात दिसतं: छोटा बरोबर, मोठा लहान. आजार तोच.

चाचणीचा तुकडा

ॲल्युमिनियमचा किंवा पितळेचा ३० पेक्षा थोडा जाड बार घ्या. चकबाहेर जेमतेम लागेल तेवढाच काढा. ३०, २०, १० आणि ६ मिमीच्या पायऱ्या, प्रत्येकी सात-आठ मिमी लांब. इन्सर्ट धारदार हवा आणि शेवटचा पास सगळ्या पायऱ्यांवर सारख्याच खोलीचा, सारख्याच फीडचा. ही शेवटची अट लोक हमखास मोडतात. एका पायरीवर ०.३ चा आणि दुसरीवर ०.०५ चा पास घेतला तर टूल दोन्हीकडे वेगवेगळं दबतं आणि चाचणीला काही अर्थ राहत नाही. माप मायक्रोमीटरने, जॉब थंड झाल्यावर, बर काढून.

आता ज्या व्यासावर टच-ऑफ घेतला तो 'मोठा', मागितलेला छोटा व्यास तो 'हवा', आणि प्रत्यक्ष आलेला तो 'आला' म्हणू. 'आला'चा वर्ग उणे 'हवा'चा वर्ग, भागिले ४. जे येईल त्याला (१ − हवा ÷ मोठा) याने भागा. उत्तराचं वर्गमूळ काढलं की सेंटर हाइटमधली चूक मिमीमध्ये मिळते. वरच्या उदाहरणात १०.०३३ चा वर्ग १००.६६१. त्यातून १०० वजा करून ४ ने भागलं की ०.१६५. हवा ÷ मोठा म्हणजे १० ÷ ३०, म्हणून ०.६६७ ने भागायचं: ०.२४८. वर्गमूळ ०.४९८. हेच ६ च्या पायरीवर करा, ०.४९९ येतं. दोन पायऱ्यांची उत्तरं अशी जुळली तर गुन्हेगार सापडला. जुळली नाहीत, एक ०.५ आणि दुसरं ०.२ असं आलं, तर दोष दुसरीकडे आहे. आणि मोठ्यावर टच-ऑफ घेऊनही छोटा व्यास अंडरसाइज येत असेल, तर सेंटर हाइटवरचा संशय लगेच काढून टाका. ती असं करूच शकत नाही.

हे गणित किती चुकलं ते सांगतं, कुठे चुकलं ते सांगत नाही. टीप वर आहे की खाली, यासाठी जुनी पट्टीची युक्ती अजूनही उत्तम. स्पिंडल बंद ठेवून गोल बार आणि टीप यांच्यामध्ये सहा इंची पातळ स्टीलची पट्टी उभी धरा आणि टूल अलगद आत आणून ती चिमटीत पकडल्यासारखी अडकवा. पट्टी सरळ उभी राहिली तर टीप सेंटरवर. वरचं टोक टूलकडे झुकलं तर टीप खाली, जॉबकडे झुकलं तर टीप वर. फार दाबू नका, कार्बाइडचा कोपरा टिचतो. बार जितका बारीक, तितका झुकाव ठळक दिसतो.

फेसिंगवरूनही (जॉबचं टोक सपाट कापण्यावरून) कळतं. मध्यभागी बोंड राहिलं तर त्याचा व्यास उंचीतल्या चुकीच्या साधारण दुप्पट असतो, ०.५ ला एक मिमी. पण बोंड एक्सचा ऑफसेट चुकल्यानेही राहतं, टूल शून्यापर्यंत पोचलंच नाही म्हणून. त्यासाठी हळू फीडने एक्स उणे ०.४ पर्यंत जाऊन पाहा. बोंड कापलं जाऊन पृष्ठभाग साफ झाला तर ऑफसेटची चूक होती. टूल बोंडाखालून निघून गेलं, किंवा इन्सर्टच्या पोटाने बोंड चेपत राहिलं, तर उंचीची. पहिल्या प्रकारात टीप खाली, दुसऱ्यात वर.

उंची बसवताना

क्विक-चेंज टूलपोस्ट असेल तर प्रत्येक होल्डरची उंची वेगळी लावायची. एक बरोबर लावला म्हणजे बाकीचे आपोआप बरोबर नसतात. उंचीचा नट फिरवल्यावर होल्डर क्लॅम्प करा आणि मगच पुन्हा मोजा, कारण स्वस्त टूलपोस्ट आवळताना होल्डर वर ओढतात. गँग टूलिंगवर (एका रांगेत बसवलेल्या टूल्सवर) किंवा साध्या टूलपोस्टवर पॅकिंग लागतं. ते फीलर गेजच्या पात्यांचं किंवा शिम स्टीलचं असावं आणि शँकच्या पूर्ण लांबीखाली असावं. पुठ्ठा आणि पत्र्याच्या कापट्या भाराखाली दबतात, मग चॅटर (टूलची थरथर) आला की लोक आरपीएमशी खेळत बसतात.

इन्सर्टच्या बाबतीत एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. सीसीएमटी ०६०२०४ या इन्सर्टच्या कोडमधलं तिसरं अक्षर एम म्हणजे टॉलरन्सचा वर्ग. सीसीजीटी मधला जी त्याहून काटेकोर, टीपची जागा तो बरीच चांगली सांभाळतो. पण जाडीचा टॉलरन्स दोघांनाही ±०.१३ मिमी आहे. म्हणजे नव्या डबीतला इन्सर्ट टाकला तर टीपची उंचीही बदलू शकते. २०-३० मिमीच्या कामाला याने काही बिघडत नाही. तीन-चार मिमीच्या पिना करत असाल तर डबी बदलल्यावर पट्टी पुन्हा लावून पाहा.

मापापलीकडेही उंची त्रास देते, कारण टीप हलली की कापणारे कोन बदलतात. सीसीएमटी मधलं दुसरं सी म्हणजे ७ अंशांचा क्लिअरन्स (धारेखालच्या बाजूची जॉबपासूनची मोकळीक). १० मिमी व्यासावर टीप ०.५ मिमी वर असेल तर त्यातले ५.७ अंश खाल्ले जातात आणि उरतो जेमतेम सव्वा अंश. तेवढ्यात इन्सर्टचं पोट जॉबला घासायला लागतं. धारेखाली चकचकीत पट्टा दिसतो, आवाज किरकिरा होतो, जॉब तापतो, आणि तापलेल्या जॉबवर घेतलेलं माप थंड झाल्यावर बदलतं. ५० मिमी व्यासावर तीच चूक फक्त १.१ अंश खाते, म्हणून तिथे सगळं सुरळीत चालल्यासारखं वाटतं. टीप खाली असेल तर क्लिअरन्स वाढतो पण रेक (धारेच्या वरच्या पृष्ठभागाचा कल) कमी होतो, कापण्याऐवजी ओरबाडणं सुरू होतं, आणि बारीक जॉब टूलवर चढू पाहतो. पार्टिंग करताना (जॉब कापून वेगळा करताना) हे फार वाईट.

बोअरिंगमध्ये सगळं उलट. भोकाच्या आत टीप खाली गेली की क्लिअरन्स कमी होतो. शिवाय कापताना बार खालीच वाकतो, म्हणून बोअरिंगची टीप सेंटरपेक्षा किंचित वर ठेवणं बरं.

उंची बरोबर आहे, तरी ओव्हरसाइज

मग नोज रेडियस (टीपच्या कोपऱ्याची गोलाई) आणि पासची खोली यांचं गणित बघा. इन्सर्टच्या नावातला शेवटचा ०४ म्हणजे ०.४ मिमी नोज, ०८ म्हणजे ०.८. पासची खोली नोजपेक्षा कमी असली की फक्त गोल कोपराच कापतो आणि जोर अक्षाच्या दिशेने न जाता जॉबला बाजूला ढकलतो. ९५ अंशांचा होल्डर मुळात ढकल कमी व्हावी म्हणून असतो, पण ०.८ च्या नोजने ०.१ चा पास घेतला तर त्याचा काही उपयोग नाही. मोठ्या मशीनला हा जोर जाणवत नाही, छोट्या मशीनचं सॅडल, टूलपोस्ट आणि जॉब तिघंही थोडे थोडे दबतात. परिणाम: व्यास मोठा, पुन्हा तोच प्रोग्राम चालवला की अजून थोडं कापलं जातं, आणि बारीक जॉब चकबाहेर लांब असेल तर मोकळं टोक जाड आणि चकजवळ बारीक.

सेंटर हाइटने येणारा ओव्हरसाइज आणि ढकलल्यामुळे येणारा ओव्हरसाइज वेगळे ओळखायचे तर काही न बदलता तोच पास पुन्हा द्या. ढकल असेल तर दुसऱ्या खेपेला कीस निघेल. सेंटर हाइटच्या भूमितीचा ओव्हरसाइज मात्र दहा वेळा पास दिला तरी जागचा हलत नाही.

छोट्या लेथला माझी पसंती साधी आहे. ०.४ चा नोज, ७ अंश क्लिअरन्सचा पॉझिटिव्ह इन्सर्ट, ॲल्युमिनियमला घासून धार लावलेला सीसीजीटी (तो बऱ्याच स्टीलवरही फिनिशिंगला छान चालतो, फक्त जोरात रगडू नये). डब्ल्यूएनएमजी सारखे निगेटिव्ह इन्सर्ट दोन्ही बाजूंनी वापरता येतात म्हणून मोह होतो, पण त्यांना लागणारा जोर आणि ताठपणा छोट्या मशीनकडे नसतो. फिनिश पासला ०.४ च्या नोजवर त्रिज्येत निदान ०.२५ ते ०.३ मिमी ठेवा. ०.०५ चा लाड पुरवणारा पास हा फिनिश बिघडवण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

मोठा नोज म्हणजे चांगली फिनिश, हे पूर्ण खोटं नाही. फीडच्या वर्गाला नोजच्या आठपटीने भागलं की पृष्ठभागावरच्या चरांची खोली येते. ०.४ नोज आणि ०.१ फीडला ३ मायक्रॉनच्या आसपास, ०.२ फीडला १२.५. म्हणजे नोज दुप्पट केला तर खोली निम्मी होते, फीड निम्मा केला तर चौथाई. ज्याचं मशीन हलकं आहे त्याने नोज वाढवण्यापेक्षा फीड कमी करावा. मात्र ०.०३ च्या खाली गेलात तर धार कापणं सोडून चोळायला लागते.

जॉब चकबाहेर व्यासाच्या तीन-चार पटींपेक्षा जास्त असेल तर टेलस्टॉकचा आधार लावा. वाकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, लांबी दुप्पट केली तर आठपट. तिथे कोणतीही भूमिती उपयोगी पडणार नाही.

सरळ व्यास बरोबर, चॅम्फर आणि गोलाई चुकते

टच-ऑफ एक्सला वेगळा आणि झेडला (जॉबच्या लांबीच्या दिशेला) वेगळा घेतला जातो, म्हणून कंट्रोलच्या मनातली टीप म्हणजे त्या दोन स्पर्शरेषा जिथे मिळतात तो काल्पनिक टोकदार कोपरा. खरा कोपरा गोल आहे. सरळ टर्निंग आणि फेसिंगला फरक पडत नाही, तिरक्या रेषेवर पडतो. कॉम्पेन्सेशन (कंट्रोलने करायची नोजच्या गोलाईची दुरुस्ती) न लावता १ मिमी × ४५ अंशांचा चॅम्फर ०.४ च्या नोजने घेतला तर तो साधारण ०.७७ मिमीच येतो. बाहेरची ३ मिमीची गोलाई २.६ ची होते, आतल्या कोपऱ्यातली ३ ची ३.४ होते.

हे प्रोग्राममध्ये हाताने दुरुस्त करणारे लोक आहेत. नोज बदलला की त्यांचा प्रोग्राम बाद. जी ४१, जी ४२ हे कॉम्पेन्सेशनचे कोड त्यासाठीच आहेत. फॅनुक कंट्रोलच्या पद्धतीत चककडे जाणाऱ्या बाहेरच्या टर्निंगला जी ४२ आणि टीपची दिशा ३, बोअरिंगला जी ४१ आणि दिशा २. सगळ्या कंट्रोलमध्ये हेच आकडे चालतील असं धरू नका. तुमच्या कंट्रोलच्या मॅन्युअलमध्ये एक ते नऊ दिशांचं चित्र असतं, ते पाहून भरा. समोरच्या टूलपोस्टवर वरून पाहिलं की डावं-उजवं उलटं वाटतं, तिथे अंदाजाने आकडा टाकणं महागात पडतं. दिशा चुकली तर कोपरा चुकीच्या बाजूला सरकतो आणि चूक सुधारण्याऐवजी दुप्पट झाल्यासारखी दिसते.

लिनक्ससीएनसी हे कंट्रोल सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी एक खास खड्डा आहे: टूल टेबलमधला डी रकाना व्यासाचा आहे, त्रिज्येचा नाही. ०.४ नोजला तिथे ०.८ भरायचं. फॅनुकच्या आर रकान्यात मात्र ०.४ च. कॉम्पेन्सेशन हवेतच सुरू करा, नोजपेक्षा लांब सरळ चालीवर, आणि काम संपल्यावर जी ४० ने हवेतच काढा. जॉबला टेकलेलं असताना सुरू केलं तर पहिल्या कोपऱ्यावर खाच पडते.

तपासायचं असेल तर हवेत प्रोग्राम चालवून समाधान मानू नका. त्याच चाचणीच्या तुकड्यावर २ मिमीचा चॅम्फर काढा आणि मोजा. कमी आला तर कॉम्पेन्सेशन लागलेलंच नाही. जास्त आला तर नोज दुप्पट भरलाय किंवा बाजू उलटी आहे.

ऑफसेट कोणत्या पानावर

हे सगळं झाल्यावरच नवा टच-ऑफ घ्या. फिनिश पासइतक्याच खोलीचा पास द्या, एक्स न हलवता झेडमध्ये बाहेर या, मोजा आणि तो व्यास भरा. नुसता कागद लावून किंवा स्थिर जॉबला टेकवून घेतलेला टच-ऑफ रफिंगला ठीक, मापाच्या कामाला नाही, कारण कापताना टूल दबतं आणि टेकवताना दबत नाही. तुम्ही जे व्यास जास्त करता त्यांच्या मधल्या मापावर घ्या. डायमीटर मोड आहे ना तेही बघा. लिनक्ससीएनसीत जी ७ व्यास आणि जी ८ त्रिज्या. ०.०४ वजा केल्यावर जॉब ०.०८ ने कमी झाला तर तुम्ही त्रिज्येत आहात.

जिओमेट्रीचं पान या टच-ऑफसाठी, वेअरचं पान त्यानंतरच्या बारीक सुधारणांसाठी. इन्सर्ट फिरवल्यावर एक पायरी कापून मोजा आणि फरक वेअरमध्येच टाका. एम वर्गाच्या इन्सर्टला चार-पाच शतांश लागणं नेहमीचं आहे. वेअरचा आकडा ०.१ च्या पुढे जायला लागला, किंवा एका व्यासाला एक आणि दुसऱ्याला दुसरा वेअर द्यावा लागतोय असं झालं, तर तो आकडा पुसा, पट्टी काढा आणि टीपची उंची पुन्हा बघा.